जीनगर राष्ट्राध्यक्ष आणि प्रजासत्ताकाचे राखणदार

जर्मन प्रजासत्ताकाचे पहिले राष्ट्राध्यक्ष फ्रीडरिख एबर्ट २८ फेब्रुवारी १९२५ रोजी बर्लिनमध्ये वारले. त्या घटनेला २०२५ साली शंभर वर्षे पुरी झाली. महाराष्ट्रात त्याची फारशी कोणाला आठवण होण्याचे कारण नव्हते. परंतु स्वतःला लोकशाही समाजवादी म्हणवणाऱ्यांनी तरी हे नाव विसरणे परवडणारे नाही. युरोपातील एका बड्या औद्योगिक राष्ट्राच्या सर्वोच्च पदावर कामगारवर्गातून आलेला, हाताने कातडे शिवून पोट भरलेला मनुष्य बसण्याचा तो पहिला प्रसंग होता. त्या पदावर बसून त्याने काय केले, काय केले नाही, आणि त्याच्या पश्चात आठ वर्षांच्या आत त्या प्रजासत्ताकाचे काय झाले, हा प्रश्न जर्मनांपुरता कधीच नव्हता.

त्याच वर्षी आपल्याकडे अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या नगर जिल्ह्यातील, शनिशिंगणापूर पुन्हा एकदा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले. घरांना दारे नसलेले गाव म्हणून या गावाची ख्याती देशभर आहे. चौकटी आहेत, पण दार नाही, कडी नाही, कुलूप नाही. खुद्द देवालाही छप्पर नाही; उघड्या चौथऱ्यावर काळी शिळा उभी आहे. २०११ साली तेथे बँकेची शाखा निघाली तेव्हा तिलाही रूढ अर्थाने कुलूप लावले गेले नाही. चोरी करील त्याला शनिदेव शिक्षा करतो, ही श्रद्धा. त्या गावात जुलै २०२५ मध्ये गाजले ते प्रकरण मात्र भुरट्या चोरांचे नव्हते. देवस्थानाच्या नावाने बनावट अ‍ॅप काढून भाविकांकडून पूजेचे पैसे उकळले गेले आणि कागदोपत्री कर्मचारी दाखवून पगार काढले गेले, असे आरोप झाले, आणि मुख्यमंत्र्यांना विधानसभेत त्याविषयी निवेदन करून चौकशी जाहीर करावी लागली. आरोपांचा निर्णय न्यायालये करतील. आम्हांला येथे एवढेच नोंदवायचे आहे की, दार नसलेल्या गावात शंका आली ती बाहेरून येणाऱ्यावर नव्हे, आतल्या कारभारावर.

एबर्ट यांच्या चरित्राचा आणि या गावाचा संबंध जोडणे कित्येकांना ओढूनताणून केल्यासारखे वाटेल. वाटो. वायमार प्रजासत्ताकही असेच एक दार नसलेले घर होते, आणि ते लुटले गेले ते त्याच्या राखणदारांकडून.

एबर्ट यांचा जन्म ४ फेब्रुवारी १८७१ रोजी हायडेलबर्ग येथे झाला. बाप शिंपी. नऊ भावंडांत हा सातवा. विद्यापीठाच्या गावात जन्मूनही विद्यापीठाची पायरी त्यांच्या वाट्याला आली नाही. चौदाव्या वर्षी ते खोगीर बनवणाऱ्याच्या दुकानात उमेदवारीला लागले. आपल्याकडील जीनगरांचा जो पिढीजात धंदा, तोच हा. उमेदवारी संपल्यावर त्या काळच्या रिवाजाप्रमाणे गावोगाव भटकत काम शोधू लागले आणि १८८९ साली समाजवादी पक्षात आले. बिस्मार्कचा समाजवाद्यांविरुद्धचा कायदा तेव्हा जारी होता. सभा भरवणे, वृत्तपत्र काढणे हा गुन्हा होता. १८९१ मध्ये ते ब्रेमेनला स्थिरावले, तेथे पक्षाच्या वृत्तपत्रात काम केले, १८९४ साली लुईझे रुंप या कामगार स्त्रीशी लग्न केले आणि संसार चालवण्यासाठी एक लहानसे मद्यगृह काढले. ते मद्यगृह म्हणजे बंदरातील कामगारांची चावडीच होती. कोणाला मजुरी कमी मिळाली, कोणाला मालकाने काढून टाकले, कोणाच्या विम्याचे पैसे अडले, या सगळ्या तक्रारी तेथे येत. एबर्ट त्या ऐकत, लिहून घेत, अर्ज करून देत. क्रांतीच्या सिद्धान्तावर त्यांनी कधी ग्रंथ लिहिला नाही. कामगाराच्या आयुष्यातील चिल्लर दुःखांची त्यांना जेवढी माहिती होती तेवढी त्या पक्षातील पंडितांपैकी थोड्यांनाच असेल.

१९०० साली ते ब्रेमेनच्या विधिमंडळात गेले, १९०५ मध्ये पक्षाचे सचिव म्हणून बर्लिनला आले. पक्षकचेरीत टंकलेखन यंत्र आणि दूरध्वनी यांचा वापर व्यवस्थित सुरू करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते, आणि टीकाकारांनी ते त्यांच्या विरुद्धही वापरले आहे: हा क्रांतिकारक नव्हे, कारकून! या टीकेत तथ्य नाही असे नाही. परंतु संघटना म्हणजे काय हे ज्यांनी कधी सभासदांची नोंदवही सांभाळली आहे त्यांनाच कळते. १९१२ च्या निवडणुकीत त्या पक्षाला राइशटागच्या ३९७ पैकी ११० जागा मिळाल्या आणि तो देशातील सर्वांत मोठा पक्ष झाला. पुढच्या वर्षी ऑगस्ट बेबेल वारले आणि एबर्ट पक्षाच्या दोघा अध्यक्षांपैकी एक झाले.

पहिला डाग पडला तो ४ ऑगस्ट १९१४ रोजी. त्या दिवशी पक्षाने कैसरच्या युद्धकर्जाला मत दिले. जन्मभर आंतरराष्ट्रीय बंधुत्वाच्या घोषणा दिलेला पक्ष एका दिवसात राष्ट्ररक्षणाच्या बाजूने उभा राहिला. एबर्ट यांचा प्रामाणिक समज असा होता की, देशाच्या संकटात कामगार मागे राहिले नाहीत हे दिसले म्हणजे सत्ताधारी वर्ग त्यांना समान नागरिक मानील. या समजुतीची किंमत त्यांनी घरातूनही मोजली. त्यांचे दोन मुलगे १९१७ साली रणांगणावर कामी आले. राज्यकर्त्या वर्गाने त्याबद्दल त्यांना काय दिले ते पुढे दिसेलच.

नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध हरले, कीलच्या खलाशांनी बंड केले, शहराशहरांतून कामगार आणि सैनिक यांच्या समित्या निघाल्या, आणि ९ नोव्हेंबरला पंतप्रधान राजपुत्र माक्स याने आपले पद एबर्ट यांच्या हाती सोपवले. त्याच दुपारी शाइडेमान यांनी राइशटागच्या सज्जातून प्रजासत्ताकाची घोषणा केली; एबर्ट त्यांच्यावर संतापले, कारण अशी घोषणा करण्याचा अधिकार संविधानसभेचाच, असे त्यांचे मत होते. हा मनुष्य नियमाने चालणारा होता, आणि क्रांतीतही नियम शोधत होता. दुसऱ्या दिवशी रात्री लष्करी मुख्यालयातून जनरल ग्रोनर याचा दूरध्वनी आला. लष्कर नव्या सरकारला साथ देईल, सरकारने अधिकाऱ्यांची सत्ता अबाधित ठेवावी आणि बोल्शेविकांशी मुकाबला करावा, एवढा तो व्यवहार. एबर्ट यांनी तो मान्य केला.

त्या आठवड्यांत जे मिळाले ते थोडे नव्हते. १२ नोव्हेंबरच्या जाहीरनाम्याने वीस वर्षांवरील सर्व स्त्रीपुरुषांना मताधिकार दिला. १५ नोव्हेंबरला मालकांच्या आणि कामगारांच्या संघटनांत करार होऊन आठ तासांचा दिवस आणि कामगार संघांची मान्यता पदरात पडली. १९ जानेवारी १९१९ च्या निवडणुकीत जर्मन स्त्रियांनी प्रथमच देशाच्या प्रतिनिधिगृहासाठी मत दिले, आणि ३७ स्त्रिया निवडून आल्या. या गोष्टी ज्यांना क्षुल्लक वाटतात त्यांनी गिरणीत बारा तास उभे राहून पाहावे.

परंतु त्याच निवडणुकीच्या चार दिवस आधी, १५ जानेवारीला, रोझा लुक्सेंबुर्ग आणि कार्ल लिब्कनेख्त यांचा बर्लिनमध्ये खून झाला. स्पार्टाकसवाद्यांचा उठाव अविचारी होता. निवडणूक तोंडावर आली असताना शस्त्राने सत्ता घेऊ पाहणे हे जनतेवरील अविश्वासाचे लक्षण होते, आणि स्वतः रोझा यांनाही त्या क्षणाविषयी खात्री नव्हती. तरीही खून तो खूनच. ज्या स्वयंसेवक पलटणींनी तो केला त्या एबर्ट यांच्या सरकारने, नोस्के यांच्या हुकुमतीखाली, उठाव मोडण्यासाठी शहरात आणल्या होत्या. त्या पलटणींच्या अधिकाऱ्यांना प्रजासत्ताकाविषयी तिळमात्र प्रेम नव्हते. आज डाव्यांवर चालवलेली बंदूक उद्या आपल्यावर फिरेल, हे न कळण्याइतके एबर्ट भोळे नव्हते. त्यांना दुसरा मार्ग दिसला नाही, असे त्यांचे समर्थक म्हणतात. प्रजासत्ताकाशी निष्ठावंत कामगारांचे सैन्य उभारण्याचा मार्ग होता. तो नेटाने चोखाळलाच गेला नाही. आमच्या मते एबर्ट यांच्यावरील मुख्य आरोप हाच आहे. त्यांनी सोव्हिएत नमुना नाकारून संसदेची वाट धरली याबद्दल त्यांना दोष देणाऱ्यांत आम्ही नाही. संसद आणली, पण तिच्या रक्षणाचे काम तिच्या वैऱ्यांकडे दिले, हा दोष आहे.

११ फेब्रुवारी १९१९ रोजी वायमार येथील संविधानसभेने ३७९ पैकी २७७ मतांनी त्यांना राष्ट्राध्यक्ष निवडले. ऑगस्टमध्ये राज्यघटना झाली आणि २१ ऑगस्टला शपथविधी. त्याच सुमारास एका सचित्र साप्ताहिकाने मुखपृष्ठावर त्यांचे छायाचित्र छापले. समुद्रकिनारी, गुडघाभर पाण्यात, पोहण्याच्या चड्डीत उभे असलेले एबर्ट आणि नोस्के. बादशहाच्या झगमगीत गणवेशाची सवय लागलेल्या मध्यमवर्गाला केवढा आनंद झाला! ते छायाचित्र पुढे वर्षानुवर्षे हिणवण्यासाठी वापरले गेले. राजवाड्यातील पोकळ भपका चालतो, पण जीनगराची उघडी छाती चालत नाही. प्रतिष्ठेची ही कल्पना आपल्याकडे काही वेगळी आहे असे समजण्याचे कारण नाही. खालच्या थरातून आलेल्या माणसाचे उच्चार, त्याचे कपडे, त्याचे जेवण यांवर कुजबुजणारा सभ्य समाज आपण रोज पाहतो.

मार्च १९२० मध्ये काप आणि ल्युटविट्स यांनी बर्लिनवर पलटणी चालवून सत्ता बळकावली. एबर्ट यांनी ज्यांची सत्ता अबाधित ठेवली होती त्या सेनाधिकाऱ्यांकडे मदत मागितली गेली, तेव्हा सैन्याने सैन्यावर गोळी झाडावयाची नसते असा जबाब मिळाला. सरकार आधी ड्रेस्डेनला आणि मग स्टुटगार्टला पळाले. प्रजासत्ताक वाचवले ते कामगारांनी. सुमारे सव्वा कोट लोकांनी काम बंद केले. आगगाड्या थांबल्या, दिवे गेले, पाणी बंद झाले, बँकांतून बंडखोरांना पैसे मिळेनात. चार दिवसांत काप पळाला. नि:शस्त्र सत्याग्रहाची शक्ती काय असते हे ज्यांना गांधीजींच्या देशात नव्याने शिकवावे लागते त्यांनी हे चार दिवस अभ्यासावेत. आणि त्यानंतर काय झाले? बंडवाल्या अधिकाऱ्यांना न्यायालयांनी जवळजवळ मोकळे सोडले. रूर खोऱ्यात ज्या कामगारांनी बंडाविरुद्ध शस्त्र घेतले व नंतर खाली ठेवले नाही, त्यांच्यावर त्याच सैन्याला पाठवण्यात आले. जूनच्या निवडणुकीत पक्षाची मते ३७.९ टक्क्यांवरून २१.७ टक्क्यांवर आली. कामगारांनी आपला निकाल दिला होता.

राज्यघटनेचे ४८ वे कलम हे या कथेतील खरे उघडे दार. सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात आली तर राष्ट्राध्यक्षाने आवश्यक ती उपाययोजना करावी, लागल्यास सैन्य वापरावे आणि काही मूलभूत हक्क तात्पुरते स्थगित करावेत, असे ते कलम. एबर्ट यांनी ते सव्वाशेहून अधिक वेळा वापरले. १९२३ साली मार्काची किंमत कागदाइतकीही उरली नव्हती. नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला चार लाख कोटींहून अधिक मार्क पडत होते. फ्रेंच फौजा रूरमध्ये होत्या. संसदेतील पक्ष एकमेकांशी बोलत नव्हते. अशा वेळी या कलमाने राज्य चालवले, आणि संकट ओसरल्यावर अधिकार परत केले, हे एबर्ट यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. पण त्याच कलमाने सॅक्सनीतील समाजवादी आणि साम्यवादी यांचे निवडून आलेले संयुक्त सरकार लष्कर पाठवून बरखास्त झाले, आणि बव्हेरियात उघड बंडखोरी करणाऱ्या उजव्या राजवटीवर मात्र कोणी शिपाई पाठवला नाही. न्यायाचा तराजू कोणत्या बाजूला झुकत होता ते यावरून कळते. त्याच नोव्हेंबरात म्युनिकच्या बिअरगृहात हिटलरने पहिला उठाव केला. पाच वर्षांची शिक्षा झाली, आणि २० डिसेंबर १९२४ रोजी, वर्षभरही पुरे न भोगता, तो सुटला.

तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. कारण तीनच दिवसांनी, २३ डिसेंबरला, माग्देबुर्गच्या न्यायालयाने एबर्ट यांच्या बदनामीच्या खटल्याचा निकाल दिला. एका उजव्या वृत्तपत्राने त्यांना देशद्रोही म्हटले होते. जानेवारी १९१८ च्या दारूगोळा कारखान्यांतील संपाच्या पुढारीपणात ते सामील झाले होते, हा आधार. संप लवकर मिटावा म्हणून आपण त्यात शिरलो, असे त्यांचे सांगणे होते. न्यायालयाने संपादकाला अपमानाबद्दल किरकोळ शिक्षा दिली आणि निकालपत्रात लिहून ठेवले की, कायद्याच्या अर्थाने एबर्ट यांनी देशद्रोह केला होता. युद्धात दोन मुलगे गमावलेल्या, युद्धकर्जाला मत देऊन निम्म्या कामगार चळवळीचे शिव्याशाप घेतलेल्या राष्ट्राध्यक्षाला त्याच्याच प्रजासत्ताकाच्या पगारी न्यायाधीशांनी देशद्रोही ठरवले! हे न्यायाधीश कैसरच्या काळातलेच होते. १९१८ साली त्यांना कोणी हात लावला नव्हता.

एबर्ट यांनी अशा बदनामीविरुद्ध दीडशेहून अधिक फिर्यादी केल्या होत्या. अपिलाच्या कामात गुंतून त्यांनी पोटाच्या दुखण्याकडे दुर्लक्ष केले. आंत्रपुच्छ फुटले, शस्त्रक्रिया उशिरा झाली, आणि वयाच्या ५४ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या इच्छेनुसार, अंत्यविधीच्या वेळी जमलेल्या देणग्यांतून कामगारांच्या मुलामुलींना शिक्षणासाठी मदत करणारी संस्था स्थापन झाली. शिंप्याच्या मुलाला विद्यापीठ मिळाले नव्हते, याची सल शेवटपर्यंत राहिली असावी. नाझींनी १९३३ साली ती संस्था बंद केली. युद्धानंतर ती पुन्हा सुरू झाली आणि आजही काम करते.

पुढचे सांगायला फार शब्द लागत नाहीत. एप्रिल १९२५ मध्ये नवा राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडला. उजव्यांचा उमेदवार फील्डमार्शल हिंडेनबुर्ग, प्रजासत्ताकवाद्यांचा मार्क्स. दोघांतील फरक सुमारे नऊ लाख मतांचा. साम्यवाद्यांनी थेलमान यांना उभे करून एकोणीस लाखांवर मते घेतली. एबर्ट यांच्या चुका मोजताना हा आकडाही मोजावा लागतो. सोशल डेमोक्रॅट म्हणजे फॅसिझमचेच दुसरे रूप, हा मॉस्कोहून आलेला सिद्धान्त पुढील वर्षांत तेथील साम्यवाद्यांनी इतक्या निष्ठेने पाळला की खरा फॅसिझम दारात आला तेव्हा दोघेही वेगवेगळ्या कोठड्यांत जाऊन पडले. ३० जानेवारी १९३३ रोजी हिंडेनबुर्गने हिटलरला पंतप्रधान केले. राइशटागची इमारत जळाली आणि दुसऱ्या दिवशी ४८ व्या कलमाखाली सर्व नागरी हक्क स्थगित झाले. तो दिवस २८ फेब्रुवारीचा, एबर्ट यांच्या मृत्यूचा. २३ मार्चला सर्वाधिकाराचा कायदा आला तेव्हा साम्यवादी सभासद तुरुंगात किंवा भूमिगत होते. विरोधात ९४ मते पडली, आणि ती सगळी एबर्ट यांच्या पक्षाची होती. सभागृहात वर्दीतले गुंड उभे असताना दिलेली ती मते. एबर्ट यांच्या पक्षाला भेकड म्हणणाऱ्यांनी या ९४ जणांची नोंद ठेवावी.

हे सगळे बर्लिनमध्ये घडत होते तेव्हा डॉ. राममनोहर लोहिया तेथे विद्यार्थी होते. १९२९ ते १९३३ या चार वर्षांत एक लोकशाही कशी मोडते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. इकडे त्याच काळात नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अशोक मेहता, मिनू मसानी आणि नगरचे अच्युतराव पटवर्धन काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना रचत होते. १९३४ साली तो पक्ष निघाला. साम्यवाद्यांशी एकजूट करावी की न करावी, हा त्या पक्षाला पुढे सहा वर्षे छळणारा प्रश्न जर्मनीच्या राखेतूनच उठला होता. नगरच्या किल्ल्याने दोन्ही महायुद्धांत जर्मन बंदी पाहिले आणि १९४२ पासून आचार्य नरेंद्र देव यांच्यासारखा समाजवादी मनीषीही पाहिला. तेव्हा या जिल्ह्याच्या वाचकाला वायमार अगदीच परके आहे असे नाही.

घटनासमितीत १९४९ च्या ऑगस्टमध्ये आणीबाणीच्या कलमांवर चर्चा झाली तेव्हा ह. वि. कामत यांनी वायमारच्या राज्यघटनेचाच दाखला देऊन इशारा दिला होता. तो कोणी ऐकला नाही. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी मंत्रिमंडळाच्या बैठकीचीही वाट न पाहता सही केली. सकाळ होण्यापूर्वी जयप्रकाशजी तुरुंगात होते. ४४ व्या घटनादुरुस्तीने १९७८ साली त्या दारावर कडी घातली: ‘अंतर्गत अशांतता’ हे शब्द गेले, मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला बंधनकारक झाला, जीविताचा हक्क स्थगित करता येईनासा झाला. जर्मनांनीही १९४९ च्या घटनेत राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक रद्द केली आणि त्याच्या हातून ते हत्यार काढून घेतले. तेथे पुन्हा समाजवादी राष्ट्राध्यक्ष झाला तो थेट १९६९ साली. गुस्टाव्ह हाइनेमान, ५१२ विरुद्ध ५०६ मतांनी. त्यांनी पदाचा थाट कमी करून नागरिकांना जवळ केले. पण त्यांच्याजवळ देण्यासारखी सत्ता नव्हती, आणि ते बरेच झाले.

आता शिंगणापूरकडे. देवस्थानात स्त्रीपुरुष भेद करणे महाराष्ट्रात १९५६ च्या प्रवेशहक्काच्या कायद्यान्वये गुन्हा आहे. साठ वर्षे तो कायदा पुस्तकात होता आणि चौथऱ्यावर बायकांना बंदी होती. डॉ. नरेंद्र दाभोलकर, डॉ. श्रीराम लागू आदींनी २००० सालच्या सुमारास त्याविरुद्ध सत्याग्रह केला. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक स्त्री चौथऱ्यावर चढली, तर शिळेचे शुद्धीकरण करण्यात आले. जानेवारी २०१६ मध्ये विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षपदी प्रथमच एका महिलेची निवड झाली. बातमी मोठी झाली. परंतु प्रथा तशीच चालू राहील, असेच त्या पदावरून सांगितले गेले. त्या बाईंना दोष देण्यात अर्थ नाही. खुर्चीवर कोण बसले याने खुर्चीचा धर्म बदलत नाही, हे एबर्ट यांच्या बाबतीत बर्लिनला दिसले तेच नेवासे तालुक्यात दिसले. बदल झाला तो विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर १ एप्रिल २०१६ रोजी उच्च न्यायालयाने सरकारला कायद्याची आठवण करून दिली तेव्हा, आणि रस्त्यावर उतरलेल्या स्त्रिया मागे हटल्या नाहीत म्हणून. तरीही विश्वस्तांनी तोड काढली ती अशी, की पुरुषांनाही चौथरा बंद! समतेची ही व्याख्या केवळ आपल्याच देशात सुचावी. गुढीपाडव्याला पुरुषांनी ती बंदी मोडली, तेव्हा नाइलाजाने सर्वांना वाट मोकळी झाली. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी शिंगणापूरला दर्शन घेतले. संथाळ आदिवासी स्त्री, भारताची राष्ट्रप्रमुख, त्या देवस्थानात. आठ वर्षांपूर्वी ते शक्य नसते. छायाचित्रे सर्वत्र छापून आली. विद्या बाळ तोवर हयात नव्हत्या, आणि त्यांच्या याचिकेचा उल्लेख आमच्या तरी वाचनात आला नाही.

राष्ट्रपती आदिवासी आहेत याचा आम्हांला आनंद आहे. पण वनहक्काचे दावे ज्या तहसिलीत धूळ खात पडतात, जमीन ज्या कचेरीतून कंपन्यांच्या नावे होते, त्या कचेऱ्यांचे न्यायाधीश, त्यांचे ग्रोनर आणि नोस्के कोण आहेत हे विचारणे त्या आनंदात राहून जाते. सरकारने २०१८ साली या देवस्थानासाठी स्वतंत्र कायदा केला. गावकऱ्यांची मक्तेदारी मोडायची म्हणून समिती सरकारने नेमायची. एका गटाची मक्तेदारी मोडून ती मंत्रालयातील मर्जीच्या हाती देणे यात लोकशाही कोठे आली? याच जिल्ह्यात प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर सहकारी साखर कारखाना उभा केला तेव्हा हिशेब सभासदापुढे ठेवणे हा त्या चळवळीचा प्राण होता. तो प्राण कोठे आणि कसा गेला, हे जिल्ह्यातील प्रत्येक ऊस उत्पादकाला ठाऊक आहे.

देवस्थानाकडे येणारा पैसा मुंबईच्या चाळीतल्या, विदर्भातल्या, आंध्रातल्या गरीब भाविकांचा आहे. साडेसातीच्या भीतीने त्यांनी तेल आणि नोटा वाहिलेल्या असतात; भीतीवर उभ्या असलेल्या या व्यवहाराविषयी आमचे मत वाचकांना माहीत आहे, त्याची पुनरुक्ती येथे नको. पैसा जमला आहे आणि तो सार्वजनिक आहे, एवढे सर्वांना मान्य व्हावे. मग त्याचे लेखापरीक्षण दरवर्षी छापील स्वरूपात नेवासे तालुक्यातील प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर का लागू नये? नोकरांची यादी, त्यांचे पगार आणि नेमणुकीचा दिनांक ग्रामसभेत, निम्म्या जागी बायका बसलेल्या असताना, मोठ्याने का वाचून दाखवू नये? प्रशासक येवो, विश्वस्त राहोत की समिती नेमली जावो, या दोन मागण्यांना कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी त्या येत्या ग्रामसभेपासून अमलात आणाव्यात, आणि आणल्या नाहीत तर नेवासे, शेवगाव आणि राहुरी या तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी सोनईपासून शिंगणापूरपर्यंत पायी जाऊन त्या मागाव्यात.